एकाच चिऱ्याची तीन आकारमाने: आठवीच्या वर्गातील एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत आठवीला घनता शिकवण्याआधी विज्ञानाच्या बाईंनी आकारमान मोजण्याची उजळणी घ्यायचे ठरवले. शाळा, शिक्षिका आणि विद्यार्थी यांची ओळख पटेल असा कोणताही तपशील येथे दिलेला नाही. मोजमापांचे आकडे मात्र वर्गाच्या प्रयोगवहीतील आहेत आणि ते ज्या क्रमाने नोंदवले गेले त्याच क्रमाने दिले आहेत, कारण या प्रकरणात आकड्यांइतकाच त्यांचा क्रमही महत्त्वाचा ठरला.

शाळेकडे साहित्य बेताचे होते. १०० मिलिलिटरचे काचेचे एक मोजपात्र होते, त्यावर दर मिलिलिटरला रेघ होती. बाजूला तोटी असलेले, ज्याला प्रयोगशाळेत युरेका पात्र म्हणतात असे एक पात्र होते. याखेरीज साध्या पट्ट्या होत्या आणि एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा होता. काटा बाईंनी घरून आणला होता.

पहिली तासिका द्रवांची होती आणि ती सुरळीत पार पडली. काचेच्या मोजपात्रात पाणी कडेला किंचित वर चढते आणि मध्ये खोलगट राहते, म्हणून खोलगट भागाच्या तळाशी जी रेघ येते ती वाचायची, आणि वाचताना डोळा त्याच पातळीवर आणायचा, हे मुलांनी करून पाहिले. उभे राहून वरून पाहिले तर वाचन जास्त येते आणि खालून पाहिले तर कमी येते, हे एकाच पात्रातले पाणी तिघांनी तीन उंचींवरून वाचल्यावर सर्वांच्या लक्षात आले. मोजपात्रच खरे आहे की नाही, हेही बाईंनी तपासून घेतले. ५० मिलिलिटर पाणी भरून काट्यावर ठेवले, रिकाम्या पात्राचे वजन वजा केले, तेव्हा ५० ग्रॅम आले. ३० अंश सेल्सिअस तापमानाला एक मिलिलिटर पाण्याचे वस्तुमान ०.९९६ ग्रॅमच्या आसपास असते, त्यामुळे ५० मिलिलिटरला जो फरक पडायला हवा तो एक ग्रॅमच्या काट्याला दिसण्याजोगा नव्हताच. मोजपात्र विश्वासार्ह आहे एवढे यातून ठरले, आणि पुढे या तपासणीचा मोठा उपयोग झाला.

दुसऱ्या तासिकेत स्थायूंची पाळी होती. नियमित आकाराच्या वस्तूचे आकारमान लांबी, रुंदी आणि उंची यांच्या गुणाकाराने काढता येते, आणि तीच वस्तू पाण्यात बुडवली तर ती आपल्या आकारमानाएवढे पाणी बाहेर सारते. दोन्ही वाटांनी एकच उत्तर येते हे दाखवण्याचा बाईंचा बेत होता. त्यासाठी ठोकळा हवा होता. लाकडी ठोकळा तरंगतो. मग गावातल्याच एका गवंड्याकडून जांभ्याच्या चिऱ्याचा तुकडा कटरने कापून घेण्यात आला. पाच सेंटीमीटर लांब, चार रुंद आणि चार उंच. घरापासून शाळेच्या कुंपणापर्यंत सगळीकडे दिसणारा दगड मुलांच्या हातात द्यावा, हा त्यामागचा विचार होता आणि तो मला आजही योग्य वाटतो.

अडचण कशी उभी राहिली

पट्टीने मोजल्यावर आकारमान ५ × ४ × ४ म्हणजे ८० घन सेंटीमीटर आले. एक घन सेंटीमीटर म्हणजे एक मिलिलिटर, तेव्हा तोटीतून ८० मिलिलिटर पाणी बाहेर येईल असे मुलांनी वहीत आधीच लिहून ठेवले होते.

पहिल्या गटाने युरेका पात्र तोटीपर्यंत भरले, थेंब पडायचे थांबू दिले, दोऱ्याला बांधलेला चिरा सावकाश आत सोडला आणि बाहेर आलेले पाणी मोजले. ते ६७ मिलिलिटर भरले. पाणी सांडले असेल असे म्हणून दुसऱ्या गटाला तोच चिरा पुसून देण्यात आला. त्यांचे पाणी ७२ मिलिलिटर आले. तिसऱ्या गटाचे ७५ आले. तास संपला तेव्हा फळ्यावर ८०, ६७, ७२ आणि ७५ असे चार आकडे होते.

“बाई, पहिल्या गटाने चुकवलं,” असे मागच्या बाकावरून आले, आणि बहुतेक वर्गाला ते पटलेही. तिसरा गट ८०च्या सर्वांत जवळ पोहोचला होता, म्हणून त्याने सर्वांत काळजीपूर्वक काम केले, असा सरळ हिशेब मुलांनी केला. पहिल्या गटातल्या मुली हिरमुसल्या. त्यांनी खरोखरच सर्वांत सावकाश आणि नीटनेटके काम केले होते.

पहिला निर्णय: याला त्रुटी म्हणायचे का?

येथे बाईंसमोर एक सोपी वाट होती. तीन आकड्यांची सरासरी काढायची, ७१ च्या पुढे येणारा आकडा लिहायचा, उरलेल्या फरकाला प्रायोगिक त्रुटी म्हणायचे आणि पुढच्या धड्याकडे वळायचे. अभ्यासक्रम मागे पडलेला असताना कित्येक वर्गांत हेच होते, आणि त्यासाठी शिक्षकांना दोष देणे मला योग्य वाटत नाही. बाईंनी मात्र दोन गोष्टी पाहिल्या आणि त्यांमुळे त्या थांबल्या.

पहिली गोष्ट म्हणजे फरकाची दिशा. हाताच्या चुका दोन्ही बाजूंना होतात: कधी पाणी सांडून आकडा कमी येतो, कधी पात्र तोटीच्या वर भरलेले राहून जास्त येतो. येथे आकडे ६७, ७२, ७५ असे एकाच दिशेने चढत गेले होते, एकदाही मागे आले नव्हते, आणि चढण्याचा वेगही कमी होत गेला होता. तीन वेगवेगळ्या गटांच्या निष्काळजीपणातून असा क्रम तयार होण्याची शक्यता फार थोडी होती.

दुसरी गोष्ट फरकाच्या आकाराची. साधनाने जास्तीत जास्त किती चूक होऊ शकते, हे विचारल्याशिवाय फरकाला चूक म्हणता येत नाही. मोजपात्र एका मिलिलिटरपर्यंत वाचता येते. तोटीच्या टोकाला लोंबकळणारा थेंब आणि पाण्याच्या पृष्ठताणामुळे तोटीशी थोडे फुगून राहणारे पाणी यांनी आणखी एखाद्या मिलिलिटरचा घोळ होतो. म्हणजे या रीतीत दोन मिलिलिटरची चूक समजण्यासारखी आहे, तेरा मिलिलिटरची नाही.

पट्टीचा हिशेब केला तेव्हा मुलांना धक्का बसला. प्रत्येक बाजू मोजताना एक मिलिमीटरची चूक गृहीत धरली तर पाच सेंटीमीटरला २ टक्के आणि चार सेंटीमीटरच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी अडीच टक्के, असे गुणाकारात सुमारे ७ टक्के होतात. ८० घन सेंटीमीटरच्या उत्तरात पाच-साडेपाच घन सेंटीमीटरची अनिश्चितता आधीपासूनच होती. तोवर पट्टीचा आकडा सर्वांनी खरा धरला होता आणि पाण्याचा संशयित. प्रत्यक्षात दोहोंपैकी पट्टीच कच्ची निघाली. तरीही ८० आणि ६७ यांच्यातले अंतर या सैलपणात बसत नव्हते.

या प्रकरणातील सर्वांत मोलाचा क्षण माझ्या मते हाच आहे. पुढे जे झाले ते सुंदर होते, पण ते घडण्याची शक्यता या अर्ध्या तासाच्या आकडेमोडीने निर्माण केली. ती केली नसती तर सरासरीखाली सगळे गाडले गेले असते.

दुसरा निर्णय: रीत तपासायची की दगड?

आता संशयाच्या दोनच जागा उरल्या. पाणी सारण्याची रीत चुकत असेल, किंवा दगडात काही वेगळे असेल. दोन्ही एकाच वेळी तपासू नयेत, एवढी शिस्त बाईंनी पाळली.

रीत तपासण्यासाठी पाणी मुळीच न शोषणारी आणि पट्टीने मोजता येईल अशी वस्तू हवी होती. बाजारपेठेतल्या फॅब्रिकेशनच्या दुकानातून अडीच सेंटीमीटर चौरस सळईचा दहा सेंटीमीटर लांबीचा तुकडा कापून आणला. पट्टीने त्याचे आकारमान ६२.५ घन सेंटीमीटर आले. युरेका पात्रातून ६२ मिलिलिटर पाणी बाहेर आले. पुन्हा केले तेव्हाही ६२, आणि तिसऱ्यांदा ६३. काट्यावर तुकडा ४९० ग्रॅम भरला, म्हणजे घनता ७.८४ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर आली. साध्या पोलादाची घनता ७.८५च्या आसपास असते. तीच मुले, तेच पात्र, तीच तोटी, आणि आकडे अर्ध्या मिलिलिटरच्या आत. पहिल्या गटावरचा ठपका येथे पुसला गेला, आणि बाईंनी तसे वर्गात स्पष्ट सांगितले.

उरला दगड. कोकणातल्या मुलांना जांभा पाणी पितो हे सांगावे लागत नाही. पावसाळ्यात गिलावा नसलेली चिऱ्याची भिंत किती दिवस ओली राहते, हे त्यांनी पाहिलेले असते. जांभा बनतोच तसा. मूळ खडकातली सिलिका आणि इतर विरघळणारी द्रव्ये उष्ण, पावसाळी हवामानात दीर्घकाळ धुऊन निघून जातात आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहतात. जे धुऊन गेले त्याच्या जागी पोकळ्या उरतात. या दगडाला लॅटेराइट हे नाव फ्रान्सिस ब्युकॅनन यांनी १८०७ साली मलबारमधल्या निरीक्षणांवरून दिले. खाणीतून काढताना तो मऊ असतो आणि हवेत राहून कठीण होतो. एवढे सगळे ठाऊक असूनही फळ्यावरच्या ६७ शी कोणी त्याचा संबंध जोडला नव्हता, कारण आकारमान म्हटले की गुणाकार आठवतो, भिंत आठवत नाही.

विचारात घेतलेले पर्याय

सर्वांत साधा पर्याय चिरा बाजूला ठेवून लोखंडाच्या तुकड्यावरच धडा पुरा करण्याचा होता. दोन्ही वाटांनी एक उत्तर येते, हे त्यातून स्वच्छ दिसलेच होते. परंतु मग चिऱ्याचे काय झाले, हा प्रश्न वर्गात लोंबकळत राहिला असता, आणि प्रयोगात गैरसोयीचे उत्तर आले की साहित्य बदलायचे, असा धडा मुलांनी न सांगता घेतला असता.

दुसरा पर्याय मेणाचा होता. कोरड्या दगडावर वितळलेल्या मेणाचा पातळ थर दिला की पाणी आत जात नाही. थराचे वस्तुमान काढून आणि मेणाची घनता ०.९ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर धरून त्याचे आकारमान वजा करता येते. ही रीत शास्त्रशुद्ध आहे आणि मातीच्या ढेकळांची घनता काढताना ती वापरली जाते. मात्र वर्गात चाळीस मुले असताना गरम मेण हाताळणे धोक्याचे, आणि एकदा मेण लागले की तो तुकडा पुढच्या कोणत्याही मोजणीला निकामी. बाईंनी हा पर्याय नाकारला. प्लास्टिकच्या पिशवीत दगड घट्ट गुंडाळून बुडवून पाहिला गेला, पण घड्यांत अडकलेल्या हवेमुळे दर वेळी वेगळाच आकडा येऊ लागला आणि तो नाद सोडून दिला.

तिसरा पर्याय पाण्याऐवजी दाणे वापरण्याचा होता. पावाचे आकारमान पाण्यात बुडवून मोजता येत नाही, म्हणून बेकरीच्या प्रयोगशाळांत मोहरीच्याच कुळातल्या रेपसीडच्या दाण्यांनी ते मोजतात. मोहरी जांभ्याच्या बारीक छिद्रांत शिरत नाही. शाळेच्या पोषण आहाराच्या डब्यातली मोहरी हाताशी होतीच.

चौथा पर्याय दगडाला पाणी पिऊ देण्याचा आणि ते किती प्यायला हेच मोजण्याचा होता.

बाईंनी तिसरा आणि चौथा असे दोन्ही पर्याय निवडले. एक दगडाला बाहेरून मोजतो, दुसरा आतून, आणि दोघांची उत्तरे एकमेकांना ताडून पाहता येतात, हे कारण त्यांनी प्रयोगवहीत लिहून घेतले.

प्रत्यक्ष कृती

सुरुवातीलाच एक अडथळा आला. तिन्ही गटांनी चिरा भिजवला होता आणि त्याआधी त्याचे कोरडे वजन कोणी केले नव्हते. तो शाळेच्या पत्र्यावर उन्हात ठेवला आणि रोज दुपारी वजन केले. वजन उतरत गेले आणि सलग दोन दिवस १७२ ग्रॅमवर स्थिर राहिले, तेव्हा दगड कोरडा मानला.

मग काट्याची रीत वापरली. पाण्याने भरलेले रुंद पात्र काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा, आणि वरून दोऱ्याला टांगलेला दगड पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असा धरायचा. पाणी दगडाला जेवढ्या बलाने वर ढकलते तेवढ्याच बलाने दगड पाण्याला खाली ढकलतो, त्यामुळे काट्यावर दिसणारे ग्रॅम म्हणजे दगडाने सारलेल्या पाण्याचे मिलिलिटर. आर्किमिडीजचे तत्त्व येथे एका आकड्याच्या रूपाने समोर उभे राहते. तोटीचा थेंब नाही, सांडणे नाही, खोलगट पृष्ठभाग वाचणे नाही.

दोरा प्रयोगशाळेच्या स्टँडला बांधला होता, त्यामुळे हात थरथरण्याचा प्रश्न नव्हता. कोरडा चिरा आत गेला तेव्हा काट्याने ६८ दाखवले. चिऱ्याच्या वरच्या अंगाच्या भोकांतून बारीक बुडबुड्यांच्या माळा सुटू लागल्या. एका मोठ्या भोकातून तर बुडबुडा फुगून अडकायचा, सुटायचा आणि लगेच त्याच जागी दुसरा यायचा. कोणी पात्राला हात लावला नव्हता, कोणी दोरा हलवला नव्हता, आणि काट्यावर ६७ आले. मग ६६. वर्ग काट्याभोवती दाटला. तास संपेपर्यंत आकडा ६३ वर पोहोचला होता आणि बुडबुडे विरळ झाले होते, पण थांबले नव्हते.

जेवढे पाणी आत जाते तेवढी जागा दगड पाण्यापुरती अडवेनासा होतो, म्हणून आकडा उतरतो, हे स्पष्टीकरण एका मुलाने स्वतः मांडले. त्यावर दुसऱ्याने हरकत घेतली की पाणी दगडात गेले तरी ते पात्रातच आहे, मग काटा हलका का होईल? हरकत अगदी रास्त होती. बाईंनी तिचे उत्तर लगेच दिले नाही, दगडाला कोण पेलते आहे एवढेच विचारले. आत शिरलेल्या पाण्याचा भार आता दगडाबरोबर दोऱ्यावर गेला आहे आणि दोरा काट्यावर नाही, तो स्टँडवर आहे, हे मुलांच्या आपापसातल्या वादातून निघाले.

येथे एक व्यावहारिक सूचना नोंदवण्यासारखी आहे. असे घरगुती काटे थोडा वेळ कोणी हात लावला नाही तर आपोआप बंद होतात आणि शून्याची नोंद हरवते. म्हणून भरलेल्या पात्राचे वजन आधीच वेगळे लिहून ठेवावे.

चिरा त्यानंतर झाकलेल्या पात्रात २४ तास बुडवून ठेवला. बांधकामाच्या दगडांचे पाणी शोषण तपासतानाही दगड २४ तास पाण्यात ठेवतात. दुसऱ्या दिवशी बाहेर काढून ओल्या फडक्याने वरचे पाणी टिपले आणि वजन केले. ते १९१ ग्रॅम भरले. म्हणजे दगडाने १९ ग्रॅम, अर्थात १९ मिलिलिटर पाणी आत घेतले होते. हाच भिजलेला चिरा पुन्हा काट्यावरच्या पाण्यात टांगला, तेव्हा काट्याने ७८ दाखवले आणि आकडा तेथेच थांबून राहिला. बुडबुडा एकही नाही.

मोहरीची मोजणी सर्वांत शेवटी, चिरा पुन्हा वाळवून झाली. सरळ भिंतींचा डबा मोहरीने काठोकाठ भरून पट्टीने सपाट केला, मोहरी काढून चिरा आत ठेवला, पुन्हा भरून सपाट केला आणि उरलेली मोहरी मोजपात्रात मोजली. तीन वेळा अनुक्रमे ८१, ७८ आणि ८२ मिलिलिटर आले. डबा आपटला तर दाणे दाटतात आणि उत्तर बदलते, म्हणून प्रत्येक वेळी सारख्याच उंचीवरून ओतायचे आणि डबा हलवायचा नाही, असे ठरवून घ्यावे लागले.

निष्पत्ती

आता आकडे एकमेकांशी बोलू लागले. पट्टी ८० सांगते, मोहरी ८०च्या आसपास, भिजलेला चिरा ७८. ही तिन्ही दगडाच्या बाहेरच्या आकाराची, पोकळ्यांसकट असलेली आकारमाने आहेत. पट्टी आणि पाणी यांच्यातला दोनाचा फरक पृष्ठभागावरच्या उघड्या खळग्यांचा असावा. पट्टी त्यांवरून सरळ जाते, पाणी त्यांत शिरते आणि टिपताना निघून जाते. ७८ मधून आत शिरलेले १९ वजा केले तर ५९ उरतात. पाणी जेथे जेथे पोहोचू शकले ती सारी जागा वगळता दगडाचे जे द्रव्य उरते त्याचे हे आकारमान. पहिल्या दिवसाचे ६७, ७२ आणि ७५ हे या दोन टोकांमधले मुक्काम होते. पहिल्या गटाला कोरडा दगड मिळाला आणि त्याने बुडतानाच बरेच पाणी पिऊन घेतले. दुसऱ्या गटाला अर्धवट भिजलेला मिळाला, तिसऱ्याला त्याहून भिजलेला. ज्या क्रमाने दगड तृप्त होत गेला, त्याच क्रमाने तो अधिक पाणी बाहेर सारत गेला. तिन्ही गटांनी बरोबर मोजले होते. दगडच दर वेळी वेगळ्या अवस्थेत होता.

घनतेचा धडा त्यामुळे जरा वेगळा झाला. १७२ ला ८० ने भागले तर २.१५ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर येते, आणि ५९ ने भागले तर २.९२. मुलांनी विचारले की यातली खरी घनता कोणती. बाईंनी उत्तराऐवजी प्रश्न दिले. ट्रकमध्ये किती चिरे बसतील आणि त्यांचा भार किती होईल, हे काढायचे तर कोणता आकडा घ्याल? दगडातली खनिजे किती जड आहेत हे पाहायचे तर कोणता? पावसात भिंत किती पाणी धरून ठेवेल, हे हवे असेल तर? पहिल्याला पोकळ्यांसकट आकारमान लागते, दुसऱ्याला पोकळ्यांविना, तिसऱ्याला दोहोंतला फरक. आकारमान विचारण्याआधी ते कशासाठी हवे आहे हे ठरवावे लागते, हे मुलांनी व्याख्येवाचून पकडले. त्याला जोड म्हणून ५० मिलिलिटर कोरडी वाळू आणि ५० मिलिलिटर पाणी एकत्र केले. मिश्रण १०० भरले नाही, ८०च्या आसपास थांबले, आणि यावेळी कोणीही पाणी सांडल्याचा आरोप केला नाही.

बाईंनी येथे लिटरचा इतिहास सांगितला, तो मला अतिशय समर्पक वाटला. १९०१ साली आंतरराष्ट्रीय परिषदेने लिटरची व्याख्या पाण्यावरून केली: सर्वाधिक घनतेच्या अवस्थेतील एक किलोग्रॅम शुद्ध पाण्याचे, प्रमाण वातावरणीय दाबाखालचे आकारमान म्हणजे एक लिटर. किलोग्रॅम आणि घन डेसिमीटर मुळात एकमेकांशी जुळावेत अशीच योजना होती, पण काटेकोर मोजणीत तो लिटर एका घन डेसिमीटरहून सुमारे २८ घन मिलिमीटरने मोठा निघाला. दोन वाटा, दोन आकडे, आणि दोन्ही काळजीपूर्वक मोजलेले. १९६४ साली जुनी व्याख्या रद्द झाली आणि लिटर हे घन डेसिमीटरचेच दुसरे नाव ठरले. आज आपण एक मिलिलिटर म्हणजे एक घन सेंटीमीटर असे निःशंकपणे लिहितो, ते त्या निर्णयामुळे.

मुलांनी पुढे एक हिशेब स्वतःहून केला. ३५ × २२ × १७ सेंटीमीटरचा पूर्ण चिरा याच जातीचा असेल, तर त्याचे आकारमान १३,०९० घन सेंटीमीटर, आणि ८० ला १९ या प्रमाणात तो सुमारे तीन लिटर पाणी पोटात घेईल. एका भिंतीतले चिरे मोजून काहींनी मोठमोठे आकडे काढले. त्यावर बाईंनी एकच अट घातली की आकड्यापुढे हा अंदाज आहे, मोजणी नाही, असे लिहायचे. कारण एकाच खाणीतले दोन चिरेही सारखे सच्छिद्र नसतात, आणि पावसात भिंत एका बाजूने भिजते, बुडत नाही.

वेगळे काय करता आले असते

कोरडे वजन आधीच करायला हवे होते. सच्छिद्र असण्याची शक्यता असलेली कोणतीही वस्तू पाण्याला लावण्यापूर्वी काट्यावर ठेवावी. एकदा भिजली की मूळ अवस्था परत मिळवायला ऊन आणि दिवस लागतात, आणि पावसाळ्यात तर तेही मिळत नाहीत.

तिन्ही गटांना एकच चिरा देण्याऐवजी एकाच मोठ्या तुकड्यातून कापलेले तीन चिरे दिले असते तर तिघांचेही आकडे कोरड्या दगडाचे आले असते. मात्र मग चढता क्रम दिसला नसता, आणि त्या क्रमानेच तर संशयाला दिशा दिली. याबाबत माझे मत असे की सुरुवात एकाच दगडावर करावी, परंतु कोणत्या गटाने कितव्या क्रमांकाने आणि किती वाजता मोजले, हे नोंदवहीत सक्तीने लिहावे. येथे क्रम फळ्यावर टिकला हे सुदैव होते.

२४ तासांत दगड पूर्ण भरला असे मानणेही घाईचे होते. बंद तोंडाच्या पोकळ्यांत अडकलेली हवा सहज निघत नाही. दगड पाण्यात उकळून तो त्याच पाण्यात थंड होऊ दिला असता तर १९ चा आकडा बहुधा थोडा वाढला असता आणि ५९ चा घटला असता. निदान भिजलेल्या चिऱ्याचे वजन दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा करून ते स्थिर झाले का, हे पाहायला हवे होते. वाळवताना जी दक्षता घेतली ती भिजवताना घेतली गेली नाही. दगडाच्या आत पूर्णपणे बंद असलेल्या, पाणी कधीच न पोहोचणाऱ्या पोकळ्या ५९ मध्ये मोजल्या गेल्याच आहेत. त्या वगळायच्या तर दगड कुटून पूड करावी लागते, आणि ते काम आठवीच्या वर्गाचे नाही.

एक ग्रॅमचा काटा या आकाराच्या तुकड्याला पुरला. तुकडा याच्या निम्मा असता तर १९ चे नऊ-दहा झाले असते आणि एका ग्रॅमच्या चुकीने निष्कर्ष बराच डळमळला असता. ज्या शाळेकडे असाच काटा आहे तिने दगड लहान घेऊ नये, पात्र मोठे घ्यावे.

पहिल्या दिवशी लोखंडाचा तुकडा आधी आणि चिरा नंतर, असा क्रम ठेवला असता तर पहिल्या गटावर ठपका आलाच नसता. पुढच्या वर्षीसाठी बाईंनी हाच क्रम आखला आहे: आधी सळईचा तुकडा, मग कोरडे वजन केलेला चिरा, आणि प्रत्येक मोजणीपूर्वी साधनाची संभाव्य चूक किती, याचा रकाना प्रयोगवहीत.